पिंजऱ्यांतील पोपट आणि कांचेबाहेरचें ऊन

वाड्याच्या ओसरीवर आढ्याच्या कडीला टांगलेला पिंजरा, त्यांत लाल चोंचीचा राघू, आणि चौकांतून जातांयेतां घरच्या मुलांनीं 'विठू, विठू' म्हणून त्याला घातलेली साद, हें चित्र महाराष्ट्रांतील जुन्या घरांत वाढलेल्या माणसांना अपरिचित नाहीं. त्या चित्रांत पिंजरा कशाचा होता, पोपट काय बोलत असे, त्याला डाळ आवडे कीं ओली मिरची, हें सर्व सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु पिंजरा कोठें टांगलेला होता इकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. तो माजघरांत नसे, देवघरांत नसे, कोठीच्या अंधारांत तर नसेच. तो ओसरीवर असे. यामागें कांहीं शास्त्र होतें असें नव्हे. उंचावर टांगला म्हणजे मांजराच्या उडीचें भय नाहीं, दाण्यांचीं टरफलें आंत पडत नाहींत, आणि आल्यागेल्याची करमणूक होते, इतकाच साधा हिशेब त्यांत होता. परंतु या हिशेबांत न धरलेली एक गोष्ट त्या पांखराला रोज आपोआप मिळत असे. चौकांत उतरणारें उघडें ऊन, मध्यें कशाचाही अडसर नसलेलें, दिवसांतून कांहीं काळ त्याच्या अंगावर पडत असे.

पुढें घरें बदललीं. वाड्यांच्या चाळी झाल्या, चाळींचे ब्लॉक झाले, आणि ब्लॉकांच्या गॅलऱ्यांना सरकत्या कांचेच्या खिडक्या लागल्या. पिंजरा दिवाणखान्यांत आला. दिवाणखान्यांत उजेड भरपूर. किंबहुना ओसरीपेक्षां तो कित्येकदां अधिकच वाटतो. तरीही त्यांतील पांखरें आजारी पडूं लागलीं तेव्हां त्याचें कारण त्या लख्ख उजेडांतच आहे, हें ध्यानांत यावयास मनुष्यजातीला फार मोठा वळसा घ्यावा लागला.

पोपट पाळण्याची हौस मूळची आपल्याच देशाकडची. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकाच्या अखेरीस इराणी दरबारांत वैद्य असलेल्या क्टेसिअस नांवाच्या ग्रीकानें हिंदुस्थानाविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत माणसासारखें बोलणाऱ्या एका पक्ष्याचें वर्णन आहे. हा पक्षी हिंदी लोकांची भाषा बोलतो आणि शिकविल्यास ग्रीकही बोलेल, असें तो मोठ्या विश्वासानें सांगतो. रोमन ग्रंथकार प्लिनी यानेंही पोपट हिंदुस्थानांतून येतो असें नमूद केलें आहे. त्याला शिकवितांना लोखंडी कांबीनें डोक्यावर मारावें लागतें, असा त्याचा दुष्ट सल्ला आहे. आपल्याकडे वात्स्यायनानें चौसष्ट कलांच्या यादींत पोपट-मैनांस बोलावयास शिकविण्याची कला घातली. बाणभट्टाच्या कादंबरीची कथा सांगणारा वैशंपायन हा पोपटच, आणि तो शूद्रक राजाच्या सभेंत येतो तो सोन्याच्या पिंजऱ्यांतून. शुकसप्ततींतील पोपटाचें चातुर्य तर जगभर फिरून आलें. या साऱ्या वाङ्मयांत पोपटाच्या उजेडाची चर्चा सांपडत नाहीं, आणि ती तेथें असावयास कारणही नव्हतें. ज्या देशांत बारा महिने ऊन असतें आणि ज्या घरांना कांचेचीं तावदानें नसतात, तेथें उजेडाची वाण कोणाला पडणार?

ती वाण पडली ती युरोपांत. एकोणिसाव्या शतकांत जहाजांची वर्दळ वाढली तसे आफ्रिकेंतील करडे पोपट, अमेरिकेंतील अमॅझॉन व मकॉ, आणि ऑस्ट्रेलियांतील लहानसा बजरिगर हे मोठ्या संख्येनें लंडन, पॅरिस, बर्लिन येथील घरांत शिरले. जिवंत बजरिगर पक्षी पहिल्यानें इंग्लंडांत आणला तो जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञानें, १८४० सालीं. पुढें थोड्याच दशकांत तो सर्वसामान्य घरांतील पांखरूं झाला. या पक्ष्यांचीं नवीं घरें म्हणजे कशीं? बाहेर दगडी कोळशाच्या धुरानें झांकोळलेलें आकाश, हिवाळ्यांत आठ तासांचा दिवस, खिडक्यांना घट्ट बसविलेल्या कांचा आणि संध्याकाळीं गॅसचा दिवा. खाण्यास बहुधा कोरडें बी. करडा पोपट मूळचा विषुववृत्ताजवळच्या अरण्यांतील. त्याच्या नशिबीं हें आलें. अशा घरांत तीसचाळीस वर्षें जगलेल्या पोपटांच्या गोष्टी मोठ्या कौतुकानें सांगितल्या जात. जे दोनचार वर्षांत वांकड्या पायांनीं, मऊ चोंचीनें व झटके येऊन मेले, त्यांची गोष्ट सांगण्यासारखी कोणाला वाटली नाहीं.

त्या झटक्यांचें व वांकड्या पायांचें कोडें सुटण्याची सुरुवात पोपटांपासून झाली नाहीं. ती सिंहाच्या छाव्यांपासून झाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत जन्मलेले छावे एकामागून एक मुडदुशीनें दगावत. त्यांना खाण्यास हाडें नसलेलें मांस मिळे. जॉन ब्लँड-सटन या शल्यवैद्यानें त्यांच्या आहारांत कुटलेलीं हाडें, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचें तेल घालविलें, आणि छावे जगूं लागले. १८८९ सालीं त्यानें वानर, सिंह, अस्वल आणि पक्षी या सर्वांच्या मुडदुशीवर एक निबंध प्रसिद्ध केला. पिंजऱ्यांतील पक्ष्याचीं हाडें आणि लंडनच्या गल्लींतील पोराचीं हाडें एकाच कारणानें वांकतात, ही कल्पना येथें प्रथम स्पष्ट दिसूं लागली. मात्र तें कारण पोटांत आहे कीं आकाशांत, हें त्याला ठाऊक नव्हतें.

आकाशाकडे बोट दाखविलें तें थिओबल्ड पाम यानें, दुसऱ्याच वर्षीं. जपानमध्यें मिशनरी डॉक्टर म्हणून राहून आलेल्या या गृहस्थाला मायदेशीं परतल्यावर मुडदुशीचीं इतकीं मुलें दिसलीं कीं तो चकित झाला. जपानांत त्याला ती जवळजवळ आढळली नव्हती. चीन, हिंदुस्थान वगैरे देशांतील आपल्या परिचितांना त्यानें पत्रें लिहून विचारलें, आणि जेथें सूर्य भरपूर तेथें मुडदूस नाहीं, असा निष्कर्ष १८९० सालीं छापून काढला. कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं. मग १९१९ सालीं बर्लिनमध्यें कुर्ट हुल्डशिन्स्की या बालवैद्यानें मुडदुशीच्या मुलांवर पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचा प्रकाश पाडला. या दिव्याची नळी क्वार्ट्झची असल्यामुळें त्यांतून जंबुपार, म्हणजे जांभळ्या रंगाच्याही पलीकडचे अदृश्य किरण बाहेर पडत. मुलें बरीं झालीं. त्यानें एका मुलाच्या एकाच हातावर प्रकाश पाडून पाहिला, तों बरे झाले दोन्ही हात. अर्थात् प्रकाश कातडीवर पडून तेथें जें कांहीं निर्माण होतें तें रक्तांतून सर्व अंगभर पोंचतें, एवढें निश्चित झालें.

याच सुमारास या प्रश्नाचा एक महत्त्वाचा पुरावा महाराष्ट्रांतून गेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाहीं. हचिसन आणि शाह या दोघां अभ्यासकांनीं नाशिक भागांत पाहणी केली व १९२२ सालीं ती प्रसिद्ध केली. त्यांना काय दिसलें? ज्या सुखवस्तु घरांत पडदा पाळला जाई, त्या घरांतील तान्हीं मुलें महिनेच्या महिने अंधाऱ्या खोल्यांत असत, आणि त्यांच्यांत मुडदूस होती. त्यांच्या आयांचींही हाडें मऊ पडत. उलट, ज्या गरीब मजूर बाया आपलीं पोरें शेतावर नेऊन उन्हांत ठेवीत, त्यांचा आहार निकृष्ट असूनही त्या मुलांचीं हाडें सरळ होतीं. दूधतूप असलेल्या घरांत रोग, आणि कोरड्या भाकरीच्या घरांत नाहीं! दारिद्र्यामुळें सर्व कांहीं बिघडतें असें मानणाऱ्यांना हा हिशेब उलटा वाटला. ओसरीवरचा राघू आणि माजघरांतली बाळंतीण यांच्यांत त्या काळीं राघूच अधिक भाग्यवान होता, असें या पाहणीवरून म्हणावें लागतें.

आतां पक्ष्यांकडे वळावयाचें तर वाट कोंबड्यांच्या खुराड्यांतून जाते. अमेरिकेंत हिवाळ्यांत बंदिस्त जागीं वाढविलेल्या पिलांचे पाय लुळे पडत. १९२० नंतरच्या दशकांत विस्कॉन्सिन विद्यापीठांतील हार्ट, स्टीनबॉक, हॅल्पिन प्रभृतींनीं व इतर ठिकाणच्या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, त्याच दाण्यावर वाढणारीं पिलें उघड्या उन्हांत किंवा जंबुपार दिव्याखालीं ठेविलीं तर तीं ठणठणीत राहतात. पण ऊन खिडकीच्या कांचेंतून येत असेल तर त्याचा उपयोग होत नाहीं. पिलांना उजेड मिळतो, ऊब मिळते, आणि पाय मात्र लुळेच पडतात. पाळीव पोपटाच्या दृष्टीनें या साऱ्या इतिहासांतील सर्वांत मोलाचें वाक्य हेंच. तें लिहिलें गेलें कोंबडीच्या पिलासंबंधानें.

कोंबडीच्या पिलांनीं आणखीहि एक गुपित फोडलें. स्टीनबॉकनें १९२४ सालीं अन्नावरच जंबुपार किरण पाडून त्यांत 'ड' जीवनसत्त्व उत्पन्न करण्याची युक्ति काढली. वनस्पतिज द्रव्यांवर किरण पाडून तयार केलेलें औषध माणसांना आणि उंदरांना लागू पडे. पिलांना तें तितकेंसें लागू पडेना, कॉड माशाचें तेल मात्र उत्तम मानवे. १९३० च्या सुमारास ही विसंगति लक्षांत आली आणि तिच्यामुळेंच 'ड' जीवनसत्त्व हें एक नसून त्याचे निदान दोन प्रकार आहेत असें उघड झालें. प्राण्यांच्या कातडींत उन्हानें तयार होणारा प्रकार तो 'ड-३'. पक्ष्याला खरा उपयोगी तोच. म्हणून पोपटासाठीं औषध आणतांना नुसतें 'ड' पाहून भागत नाहीं.

कांच आडवी येते तर कांचच बदलावी, असा विचार इंग्लंडांत झाला. १९२० नंतरच्या दशकांत लॅम्प्लो या संशोधकानें जंबुपार किरणांना वाट देणारी 'व्हिटा ग्लास' नांवाची कांच तयार केली, आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतहि ती बसविण्यांत आली. शाळा, इस्पितळें यांच्याकडूनही तिला मागणी आली. पण त्या कांचेंत एक खोट निघाली: उन्हांत राहून राहून तिची ती शक्ति कमी होत जाई, आणि वरून शहरी काजळीचा थर बसला म्हणजे उरलेलीही जाई. पुढें कॉडलिव्हर ऑइल व 'ड' घातलेले खाद्यपदार्थ स्वस्त झाल्यावर या महाग कांचेची हौस कमी झाली.

साध्या कांचेची करणी मोठी फसवी आहे. डोळ्यांना दिसणारा प्रकाश ती जवळजवळ सगळा आंत सोडते, जंबुपार किरणांपैकीं दृश्य प्रकाशाला लागून असलेलेही बरेचसे सोडते. अडविते ते नेमके २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींचे किरण. कातडींत 'ड-३' घडविणारे तेच. यामुळें कांचेआडच्या पोपटाला कशाची कमतरता आहे हें त्याच्या धन्याला डोळ्यांनीं कळण्याचा मार्गच राहत नाहीं. पक्ष्याचें शरीर तर पिसांनीं झांकलेलें. मग किरण पोंचतात कोठें? शेपटीच्या बुडाशीं असलेल्या ग्रंथीचें तेल पिसांना लागतें, त्यावर ऊन पडून जीवनसत्त्व होतें आणि पिसें साफ करतांना तें पोटांत जातें, अशी जुनी समजूत होती. ती सर्वस्वीं खोटी नसेल. परंतु अमॅझॉन पोपटांना ही ग्रंथी मुळींच नसते. कोंबड्यांवर १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, जीवनसत्त्वाचें पूर्वद्रव्य पिसांखालच्या कातडीपेक्षां उघड्या पायांच्या कातडींत कितीतरी पटींनीं अधिक असतें. पांखरूं उन्हांत बसतें तें जणुं आपल्या पायांनीं ऊन पितें.

करडा पोपट या बाबतींत विशेष नाजूक. त्याच्या रक्तांतील कॅल्शियम एकदम उतरतें, पक्षी दांडीवरून खालीं कोसळतो, पंख फडफडवून आंचके देतो, आणि वेळेवर उपचार न झाल्यास मरतो. पशुवैद्यांना हा विकार अनेक वर्षें माहीत होता, आणि त्याचा दोष सूर्यफुलाच्या बियांवर टाकला जाई. कारण त्यांत कॅल्शियम फारच थोडें. तो दोष खरा होता, पण अपुरा होता. इंग्लंडमधील पशुवैद्य मायकेल स्टॅनफर्ड यानें २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बंदिस्त जागेंतील करड्या पोपटांना जंबुपार दिवे दिले, तों त्यांच्या रक्तांतील उपयोगी कॅल्शियम वाढलें. त्याच प्रयोगांतील पायोनस जातीच्या दक्षिण अमेरिकन पोपटांत तसा फरक पडला नाहीं. म्हणजे पोपट तितका पोपट असें धरून चालत नाहीं. बर्लिनच्या मुलांना १९१९ सालीं जें मिळालें, तें पिंजऱ्यांतील करड्या पोपटाच्या बाबतींत मोजमाप करून सिद्ध व्हावयास सत्त्याऐंशी वर्षें लागलीं.

हाडांपुरतीच ही गोष्ट असती तर औषधाच्या थेंबांनीं ती संपली असती. परंतु १९७२ सालीं कबुतरांवर व गुंजन-पक्ष्यांवर केलेल्या प्रयोगांवरून कळलें कीं, पक्ष्यांना जंबुपार किरण दिसतात. माणसाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकूंचे तीन प्रकार, पक्ष्यांच्या डोळ्यांत चार. बजरिगराच्या डोक्यावरील पिवळीं पिसें हे किरण शोषून घेऊन पिवळ्या प्रकाशानें चमकतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत या पिसांना ऊन अडविणारें मलम लावलें, तेव्हां तो पक्षी जोडीदाराला पूर्वीइतका आकर्षक वाटेना! घरांतील एल.ई.डी. दिव्यांत जंबुपार किरण जवळजवळ नसतातच. त्या उजेडांत माणसाला हिरवागार दिसणारा पोपट दुसऱ्या पोपटाला बराच फिका दिसत असला पाहिजे. जुन्या धर्तीच्या नळीदिव्यांची आणखी एक तऱ्हा: ते सेकंदाला शंभर वेळां लुकलुकतात. कांहीं चिमुकल्या पक्ष्यांना याहूनही जलद लुकलुक दिसते असें आढळलें आहे. बजरिगराची मर्यादा मात्र शंभराच्या थोडी खालीं असल्यामुळें तो यांतून बहुधा सुटतो.

दिवस किती तासांचा, हा तिसरा प्रश्न. आणि यांत पक्षी पाळणारे लोक शास्त्रज्ञांच्या फार पुढें होते. जपानांत शरद ऋतूंत पिंजऱ्याजवळ रात्रीं दिवा लावून पक्ष्यांना ऐन हिवाळ्यांत गावयास लावण्याची जुनी रीत होती. हॉलंडमधील पारधी याच्या उलट करीत. ते आपले पक्षी उन्हाळाभर अंधारांत ठेवीत, म्हणजे ते पावशेर ऋतु चुकून शरदांत गात आणि वरून जाणाऱ्या थव्यांना जाळ्यांत ओढीत. विल्यम रोवन या प्राध्यापकानें कॅनडांतील एडमंटन येथें कडाक्याच्या थंडींत उघड्या पिंजऱ्यांतील जुंको पक्ष्यांना विजेच्या दिव्यांनीं रोज थोडा थोडा अधिक दिवस दिला, तों बाहेर बर्फ असतां त्यांच्या शरीरांत वसंत आला. हें त्यानें १९२५ सालीं जाहीर केलें. आज ज्या घरांत रात्रीं बारापर्यंत दिवे आणि दूरदर्शन चालू असतें, त्या घरांतील एकाकी कॉकॅटिएल मादी अंड्यामागून अंडें घालीत सुटते, आणि प्रत्येक अंड्याच्या कवचाला लागणारें कॅल्शियम तिच्या हाडांतून जातें, त्याचें मूळ येथेंच आहे. तिला दहाबारा तासांची सलग काळोखी रात्र हवी असते.

मग उपाय काय करावा? प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ओसरीवरचा तो देशी राघू पाळणें आतां कायद्याला मंजूर नाहीं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९० नंतर लगेच आलेली देशी पक्ष्यांच्या व्यापारावरील संपूर्ण बंदी यांमुळें त्याची जागा पिंजऱ्याबाहेर ठरली आहे. प्रश्न उरतो तो बजरिगर, कॉकॅटिएल, करडा पोपट अशा परदेशी पाहुण्यांचा. त्यांच्यासाठीं सर्वांत स्वस्त दिवा म्हणजे सूर्यच. मात्र कोंवळें ऊन चांगलें ही आपली घरगुती समजूत येथें पुरी पडत नाहीं. सूर्य क्षितिजाजवळ असतांना हवेच्या जाड थरांतून ते विशिष्ट किरण फारच थोडे पोंचतात. उन्ह थोडें वर चढल्यावर, कांच सरकवून व जाळी लावून, पिंजऱ्याचा अर्धा भाग फडक्याच्या सावलींत ठेवून वीसतीस मिनिटें पांखराला बाहेर बसवावें. सावली नसेल तर आपल्याकडच्या उन्हांत पोपट तासाभरांत उष्म्यानें दगावूं शकतो, आणि पिंजरा सोडून आंत जाणाऱ्याला घारी-कावळ्यांची व मांजराची आठवण ठेवावीच लागते.

जेथें गॅलरीच नाहीं तेथें जंबुपार दिवा. तो पक्ष्यांसाठीं म्हणून केलेलाच असावा. सरड्या-कांसवांसाठीं निघणारे प्रखर दिवे जवळ लावल्यास पक्ष्याचे डोळे सुजतात. दिवा बाजूनें न लावतां वरून लावावा, कारण पक्ष्याच्या भुंवया त्याला सूर्यापासून वांचविण्यासाठीं आहेत, शेजारच्या भिंतीपासून नव्हे. अंतर बनविणाऱ्यानें सांगितलेलें तेंच ठेवावें, मध्यें कांच किंवा प्लॅस्टिकचें झांकण असूं नये, आणि पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यांत त्याला उजेडापासून दूर बसतां यावें. आणि अशा दिव्याची अखेर कशी होते हें पाहण्यासारखें आहे. सहा महिन्यांनीं, फार तर वर्षानें, त्यांतले जंबुपार किरण ओसरतात. दिवा मात्र पूर्वीसारखाच शुभ्र पेटत राहतो. म्हणून जाणते लोक दिवा बसविला त्या दिवसाची तारीख त्याच्या टोपणावर पेन्सिलीनें लिहून ठेवितात.